एच. पायलोरीचा कोर्स चालू असताना पोट कसं सांभाळायचं

जठरातल्या एच. पायलोरी या जिवाणूवरचा औषधांचा कोर्स बहुधा १४ दिवसांचा असतो. त्यात आम्ल कमी करणारी गोळी आणि किमान दोन अँटिबायोटिक असतात, काही कोर्समध्ये बिस्मथ हे औषधही. हा जिवाणू जठराच्या चिकट अस्तरात दडून बसतो, म्हणून इतका मारा लागतो. आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंनाही त्याची झळ बसते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट बिघडलं की बरेच जण गोळ्या सोडून देतात. तसं करू नका. अर्धवट कोर्समधून उरलेला जिवाणू त्या औषधांना दाद देईनासा होतो आणि पुढचा कोर्स अवघड जातो.

जुलाब का होतात? न पचलेला चोथा आंबवून मोठ्या आतड्याला पाणी शोषायला मदत करणारे जिवाणू कमी होतात, म्हणून शौच पातळ होतं. क्लॅरिथ्रोमायसिनने आतड्याची हालचालही वाढते; जेवल्यावर पोटात मुरडा येतो तो त्यामुळे.

आम्लाची गोळी जेवणाआधी अर्धा तास आणि अमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन, मेट्रोनिडाझोल जेवणासोबत घ्या, म्हणजे मळमळ कमी होते. टेट्रासायक्लिनचं मात्र वेगळं आहे: दूध, दही, ताक, कॅल्शियम, लोह यांच्याशी ते बांधलं जातं आणि अंगी लागत नाही. मध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा. पेलाभर पाण्यासोबत गिळा आणि अर्धा तास आडवं होऊ नका; गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू पूर्ण बंद.

पोट बिघडलं तर मऊ भात, मुगाचं वरण, पेज, केळं. तेलकट, तिखट आणि कच्ची कोशिंबीर थोडे दिवस बाजूला. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामं करा. अर्धं पाकीट पेल्यात घालू नका, मिठाचं प्रमाण चुकतं. सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टच्या कॅप्सूलने जुलाब कमी होतात आणि यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिकने ते मरत नाही. डॉक्टरांना विचारूनच घ्या. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ते चालत नाही.

बिस्मथ असेल तर शौच काळं येतं, कधी जीभही काळी पडते. घाबरू नका. मात्र शौच डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल, सोबत चक्कर येत असेल, तर ते रक्त असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. दिवसात तीनहून जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब, ताप, शौचात रक्त किंवा पोटात कळा आल्या तरीही तेच, मग कोर्स संपून काही आठवडे झालेले असोत. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नका. अँटिबायोटिकनंतर आतड्यात वाढणारा, विष सोडणारा क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल हा जिवाणू असेल तर त्या गोळीने त्याचं विष आतच कोंडतं.

एक-दोन आठवड्यांत शौच सहसा रुळावर येतं. जिवाणूंची वस्ती सावरायला काही महिने लागतात, काही कोर्सनंतर वर्षही. या काळात ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, पालेभाज्या हळूहळू वाढवा. पहिल्याच दिवशी वाटीभर उसळ खाल्लीत तर पोट फुगेल.

जिवाणू गेला का, हे श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीतून कळतं. शेवटच्या अँटिबायोटिकनंतर निदान चार आठवडे थांबा, बिस्मथही तितकेच दिवस बंद असू द्या, आणि आम्लाची गोळी चाचणीआधी दोन आठवडे डॉक्टरांना विचारून थांबवा. नाहीतर जिवाणू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो.