गाडी ओ देत नाही तेव्हा

कॅनडातल्या विनिपेगच्या जानेवारीत पहाटे साडेपाचला मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असते. एका हातात चहा, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली, आणि लॉकचं बटण तीनदा. खाली दिवे लुकलुकतात, मागून वाफ निघायला लागते, मग मी निवांत डबा भरते. पंधरा मिनिटांनी उतरते तेव्हा स्टिअरिंगला हात लावता येतो. नाशिकहून आई आधी म्हणायची, "पेट्रोल काय वर आलंय का गं तुला?" एकदा व्हिडिओ कॉलवर पापण्यांवर गोठलेला बर्फ दाखवला. आता तीच विचारते, गाडी लावलीस का तापायला.

लांबून इंजिन सुरू करणारा हा रिमोट स्टार्टर माझ्या गाडीत कंपनीचा नाही, नंतर बाहेरून बसवून घेतलेला आहे. त्यामुळे एखाद्या सकाळी तीनदा दाबूनही गाडी ढिम्म राहिली की दोष किल्लीचा, स्टार्टरचा की गाडीचा, हे कोणी सांगत नाही. मी नर्स आहे. वॉर्डात पेशंट निपचित दिसला तर आधी हाक मारतो: ओ देतो का? इथेही तेच करायचं. गाडीला ऐकूच येत नाहीये, की ऐकून ती नाही म्हणतेय? या दोन्हींचे उपाय पार वेगळे आहेत, आणि बहुतेक लोक दुसऱ्या दुखण्यावर पहिल्याचं औषध देत बसतात. मीही पहिल्या हिवाळ्यात तीन सेल बदलले होते.

तर खाली जा, गाडीजवळ उभे राहा आणि लॉक एकदाच दाबा. दारं खट्‌कन लागली, दिवे चमकले, म्हणजे ऐकू येतंय. किल्लीला दोष देऊ नका, सेलचा विषय सोडा. दारंच लागली नाहीत तर दुसरी किल्ली आणा. तिने लागली तर पहिली किल्ली आजारी. दोन्हींनी नाही लागली तर बहुधा गाडीची बॅटरी मेली आहे.

आता आजारी किल्लीचं. थंडीत हा बटणासारखा सेल आतून आळसावतो. नुसता मोजला तर व्होल्टेज ठीक दिसतं, पण रिमोटने सिग्नल पाठवायला करंट मागितला की धापकन खाली येतं. किल्ली पाच मिनिटं काखेत धरा. त्यानंतर चालली तर सेल बहुधा म्हातारा झालाय. बहुतेक किल्ल्यांत सीआर २०३२ असतो: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ते आकडे त्याच्या नावातच आहेत. सीआर २०१६ रुंदीला तेवढाच पण जाडीला निम्मा, म्हणून तो घातला तर बसल्यासारखा वाटतो आणि आत हलत राहतो. किल्लीच्या फटीत नाणं घालून फिरवा, जुना सेल कुठल्या बाजूने बसलाय त्याचा फोनवर फोटो काढा, मग काढा. नवा सेल कडेने धरा. मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो आणि कधीकधी तोच संपर्क अडवतो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाका. आणि जुना सेल ओट्यावर ठेवू नका. गिळलेला सेल अन्ननलिकेला दोन तासांत भाजून काढतो. घरात लहान मूल असेल तर आधी त्या सेलला चिकटपट्टी गुंडाळा, गाडीचं नंतर बघा.

किल्लीचा पल्ला हीही एक गोष्ट. तीनदा लॉक दाबून चालणारा स्टार्टर गाडीच्या मूळ किल्लीवरच विसंबून असतो, म्हणजे किल्ली जिथवर पोचते तिथवरच तो. माझ्या घराच्या खिडकीतून चालते, हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावरून नाही. त्यात बिघाड काही नाही. किल्ली हनुवटीला टेकवून दाबली तर थोडं लांबून लागते. दिसतं वेड्यासारखं, पण होतं खरं. लांबचा पल्ला हवा असेल तर काचेवर अँटेना असलेला वेगळा रिमोट घ्यावा लागतो.

दाबायची लयही महत्त्वाची. टक, टक, टक. प्रत्येक वेळी बोट पूर्ण उचलून. दाबून धरलं तर स्टार्टरला ते एकदाच दाबल्यासारखं वाटतं, आणि फार रेंगाळलात तर तो मोजणी सोडून देतो. जाड हातमोजे घालून ही लय जमत नाही. एक हातमोजा काढा.

आता खरी गंमत: गाडी ऐकते, पण नाही म्हणते. स्टार्टर बसवणाऱ्यांनी त्याला मुद्दाम भित्रा बनवलेला असतो, आणि तसाच असायला हवा, कारण आत कोणी नसताना तो इंजिन सुरू करणार असतो. ब्रेक दाबलेला, बॉनेट वर, काही गाड्यांत दार किंवा डिकी उघडी, यातलं एक जरी दिसलं तरी तो हात आखडता घेतो. मात्र का ते सांगतोही. तिसऱ्यांदा लॉक दाबल्यावर पार्किंगचे दिवे लुकलुकतात, ते मोजा. माझ्याकडे पाच म्हणजे ब्रेक, सहा म्हणजे बॉनेट. हे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून तुमच्या पुस्तिकेतलं ते पान आजच शोधा. उणे ३१ मध्ये शोधायला लागू नये.

माझे सहा लुकलुकले तेव्हा मी बाहेर जाऊन बघितलं, बॉनेट तर बंद होतं. निदान बंद दिसत होतं. आदल्या संध्याकाळी वायपरचं पाणी भरलं होतं आणि कुलपाच्या खाचेत बर्फाचा खडा राहिला होता, त्यामुळे बॉनेट पहिल्याच खटक्यावर अडकलेलं. बोटभर फट, अंधारात दिसणार कशी? खडा उकरून काढला, बॉनेट वीतभर वरून सोडून दिलं, दणका नीट ऐकू आला, आणि गाडी पहिल्या हाकेला उठली.

बॉनेटखाली पुढच्या पत्र्यावर एक छोटी दट्ट्यासारखी पिन असते. फ्रिजचं दार उघडलं की दिवा लावणारं बटण असतं ना, तसलीच. बॉनेट बंद झालं की ती दाबली जाते. वर आली की तिची तार गाडीच्या पत्र्याला जोडली जाते आणि स्टार्टर समजतो की कोणीतरी इंजिनपाशी वाकलंय. आमच्याकडे रस्त्यावर टाकलेलं मीठ चिखलाबरोबर उडून तिथपर्यंत जातं. पांढरी-तपकिरी खपली धरते, आणि ओल्या मिठातून करंट पत्र्याला गळायला लागतो. मग पिन दाबलेली असली तरी स्टार्टरला बॉनेट उघडंच वाटतं. जुन्या टूथब्रशने खपली काढा, कोमट पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, वर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. पिन जिच्यावर बसवलेली असते ती पट्टी वाकली असेल तर हळूच वर करा. आणि कोणी सांगितलं, "ती तार काढून टाक, कटकट गेली," तर ऐकू नका. ती पिन गेली की तुमचा हात इंजिनच्या फिरत्या पट्ट्याजवळ असताना घरातलं कोणीतरी खिडकीतून गाडी सुरू करू शकतं.

ब्रेकचं तपासणं सोपं: मागे जाऊन बघा, ब्रेकचे लाल दिवे आपोआप जळतायत का. जळत असतील तर पेडलवरचा स्विच अडकलाय. गिअर हाताने टाकायची गाडी असेल तर वेगळाच नियम: आदल्या वेळी उतरताना हँडब्रेक ओढून, पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमाने गाडी न्यूट्रलवर सोडावी लागते, नाहीतर स्टार्टर तयारच होत नाही. मध्ये कोणी नुसतं दार उघडलं तरी तो क्रम मोडतो.

आणि व्हॅले मोड, म्हणजे स्टार्टर तात्पुरता बंद ठेवायची सोय. गाडी ऑइल बदलायला दिली होती. मेकॅनिकने शहाण्यासारखा स्टार्टर बंद केला, म्हणजे त्याच्या अंगावर गाडी सुरू होणार नाही, आणि परत चालू करायला विसरला. मी दोन दिवस बर्फ खरवडत गाडीला शिव्या घातल्या. गॅरेजमधून गाडी आल्यावर स्टार्टर मुका झाला असेल तर आधी हेच बघा.

तिसरा प्रकार: गाडी कबूल करते, दिवे लागतात, पण इंजिन फिरत नाही किंवा सुरू होऊन लगेच मरतं. १ सप्टेंबर २००७ पासून कॅनडात नव्या गाडीत इमोबिलायझर सक्तीचा आहे. किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालत नाही. म्हणून बाहेरचा स्टार्टर बसवताना बायपास मॉड्यूल नावाची डबी लावतात, जी गाडीला सांगते की खरी किल्ली हजर आहे. बॅटरी काढून पुन्हा लावली, किंवा दुसऱ्या बॅटरीला तारा जोडून, म्हणजे जंप देऊन, गाडी उठवली, की कधीकधी या डबीचं डोकं फिरतं. किल्लीने गाडी सुरू करा, थोडी चालवा, बंद करून लॉक करा, मग तीनदा दाबून बघा. तरी नाही झालं तर ते बसवणाऱ्याचंच काम.

त्याआधी बॅटरी मात्र मोजा. रात्रभर उभी राहिलेली गाडी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर छान, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. बॅटरीवरचा सीसीए, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायच्या ताकदीचा आकडा, उणे १८ अंशाला मोजलेला असतो, आणि विनिपेगची रात्र त्याच्याही खाली उतरते. ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन उबदार ठेवणारा विजेचा हीटर, सॉकेटला जोडून ठेवा. घट्ट झालेल्या ऑइलमध्ये इंजिन फिरवायला बॅटरीचा जीव निघतो.

हे सगळे प्रयोग बंद गॅरेजमध्ये करू नका, शटर वर असलं तरी नको. गाडी बाहेर काढा आणि सायलेन्सरचं तोंड बर्फात गाडलेलं नाही ना ते बघा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखायला लागेपर्यंत कळत नाही. डॅशबोर्डखाली हात घालायची हौस असेल तरी पिवळ्या वेष्टणाच्या तारांना शिवू नका, त्या एअरबॅगच्या असतात.

आता सनव्हायझरच्या मागे मी एक कागद चिकटवलाय: पाच ब्रेक, सहा बॉनेट, व्हॅलेचं बटण स्टिअरिंगखाली डावीकडे. तो माझ्यासाठी नाही, नवऱ्यासाठी आहे. तो अजूनही लॉकचं बटण दाबून धरतो आणि मला म्हणतो, सेल गेलाय.