बाळाला घेऊन गावी निघताय? आधी या चुका वाचा

लेक सात महिन्यांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा गावी नेलं, ठाण्याहून कुडाळला, रात्रीच्या गाडीने. काहीही विसरलो नव्हतो. नाचणीचं सत्त्व होतं, थर्मास होता, झबल्यांचा गठ्ठा होता, सासूबाईंनी वेखंडाची पुरचुंडीसुद्धा बांधून दिली होती. पनवेल सुटलं आणि लेकीने अशी काही शी केली की डायपर ओलांडून पाठीवरून मानेपर्यंत. नवे डायपर निळ्या बॅगेत. निळी बॅग खालच्या बर्थच्या पार आत, तिच्यापुढे दुसऱ्यांच्या दोन ट्रंका, आणि वर एक काका घोरतायत. नवरा मोबाईलचा टॉर्च दातात धरून जमिनीवर पालथा पडला आणि मी बाळाला त्याच्या काखांखाली धरून हातभर लांब, जसं भिजलेलं मांजर धरतात तसं. सगळं आणलेलं, हाताशी मात्र काही नाही.

खालच्या बऱ्याचशा चुका मी स्वतः केलेल्या आहेत. उरलेल्या सोसायटीच्या बागेत बसणाऱ्या बायकांनी करून मला सांगितल्या.

एकच मोठी बॅग भरणं

बाळाच्या सामानाचे दोन भाग करा. एक, गावी पोहोचल्यावर लागणारं. ते कुठेही जाऊ दे. दुसरं, पुढच्या सहा तासांत लागणारं. ते एका कापडी झोळीत, आणि ती झोळी मांडीवर किंवा उशाशी. रॅकवर नाही, बर्थखाली नाही.

झोळीतही सुट्या वस्तू टाकू नका. मी आता पुड्या करते: एका झिपच्या पिशवीत एक डायपर, एक झबलं, पाच-सहा ओले वाइप्स आणि एक रिकामी प्लास्टिकची पिशवी. एका बदलाची एक पुडी. घाण झालेलं सगळं त्याच रिकाम्या पिशवीत गाठ मारून टाकायचं. दर अडीच-तीन तासांना एक पुडी धरा आणि वर तीन जास्तीच्या. निघायच्या आदल्या रात्री दिवा घालवून झोळीतून एका हाताने पुडी काढून बघा. जमत नसेल तर गाडीतही जमणार नाही.

हमखास राहून जाणारी वस्तू म्हणजे आईचा एक जास्तीचा कुर्ता. बाळाचे सहा जोड असतात आणि आई उलटीच्या वासात रत्नागिरीपर्यंत बसते.

डायपर वारंवार गळत असेल तर आधी त्याचा साइज बघा. पाकिटावर वजनाची जी मर्यादा असते तिच्या वरच्या टोकाला बाळ आलं असेल, तर प्रवासापुरता एक साइज मोठा घ्या. आणि पाठ भरलेलं झबलं डोक्यावरून काढायला जाऊ नका, केसांना लागतं. ज्यांचा गळा खांद्यावर सैल दुमडलेला असतो तशी झबली प्रवासात घाला, म्हणजे खांद्यावरून खाली ओढून पायांतून काढता येतात.

‘बाळ आहे म्हटल्यावर खालचा बर्थ मिळेलच’

नाही मिळत. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण म्हणूनच जागाही मिळत नाही. खालच्या बर्थचा राखीव कोटा ज्येष्ठ नागरिक, पंचेचाळीसच्या पुढच्या स्त्रिया आणि गरोदर बायका यांच्यासाठी आहे. म्हणजे बाळ पोटात असताना तो मिळतो आणि बाळ बाहेर आलं की जातो! या नियमाला माझ्या दृष्टीने तरी काही अर्थ नाही, पण आहे हा असा आहे.

ऑनलाइन तिकीट काढताना ‘निदान एक खालचा बर्थ मिळाला तरच बुक करा’ असा पर्याय असतो, तो निवडा. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, पूर्वी एकशेवीस होते), आणि मे महिना किंवा गणपती म्हटलं की कोकणच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांतच भरतात. आरएसीवर बाळ घेऊन चढू नका. बाजूच्या खालच्या बर्थवर तुम्ही, एक अनोळखी माणूस आणि मध्ये बाळ, अशी रात्र काढावी लागते. झोपताना बाळ भिंतीच्या बाजूला, तुम्ही बाहेरच्या बाजूला, आणि एसीचा झोत थेट त्याच्या डोक्यावर येत नाही ना तेवढं बघून घ्या.

तारखेचा घोळ ठाणेकर हमखास घालतात. गाडी सीएसएमटीहून रात्री अकरानंतर सुटत असेल तर ठाण्याला यायला बारा वाजून जाऊ शकतात, म्हणजे आपल्यासाठी तारीख बदलली. तिकिटावरची तारीख आणि आपल्या स्टेशनची वेळ दोन्ही एकत्र वाचा.

फलाटावर गाडी जेमतेम काही मिनिटं थांबते. डब्याचा आकडा इंडिकेटरवर बघून आधीच त्या जागी जाऊन उभं राहा. बाळ एकाकडे, सामान दुसऱ्याकडे. ज्याच्याकडे बाळ आहे तो आधी चढणार आणि त्याच्या खांद्याला झोळीपलीकडे काही असणार नाही. बाबागाडी मी घरीच ठेवते. ठाण्याच्या पुलावरच्या गर्दीत ती ढकलता येत नाही, आणि गावच्या खळ्यात, लाल मातीत, तिचं चाक दोन पावलंसुद्धा जात नाही. पोटाशी बांधायची कांगारू बॅग घ्या. फक्त बाळाची हनुवटी छातीला टेकलेली नको आणि नाक कपड्यात दबलेलं नको. मान वाकली की श्वास अडतो.

एसटीने जाणार असाल तर पुढच्या, निदान चाकांच्या मधल्या सीट घ्या. मागचे धक्के तान्ह्याला नकोत. स्टँडवर दूध पाजायला हिरकणी कक्ष असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे गेलेल्या बाईच्या नावाची ती खोली एका स्टँडवर मला कुलूपबंद मिळाली. चौकशीच्या खिडकीवर किल्ली होती, पण किल्ली ज्याच्याकडे ते चहाला. ओढणी मोठी ठेवा.

कारमध्ये बाळ मांडीवर

‘आईच्या मांडीसारखी सुरक्षित जागा नाही’ हे वाक्य मी तीन पिढ्यांच्या तोंडून ऐकलंय. घरात खरं आहे, गाडीत नाही. ताशी चाळीसच्या वेगात गाडी कशावर आदळली तर सात किलोच्या बाळाचा रेटा क्षणभर सत्तर-ऐंशी किलोंचा होतो. तेवढं ओझं कुणाच्याच हातात राहत नाही. पुढच्या सीटवर मांडीवर घेतलं असेल तर एअरबॅगच बाळावर येऊन आदळते. आणि एकच पट्टा आई-बाळ दोघांभोवती घेणं तर सगळ्यात वाईट, कारण मधल्या बाळावर आईचं सगळं वजन येतं.

बेबी सीट मागच्या सीटवर, बाळाचं तोंड मागे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा अशा सीटविना असेल तर १,००० रुपये दंड आहे. स्कूटरचंही तसंच: पुढे उभं केलेलं बाळ घेऊन स्टेशनला सोडायला येणारे बाबा आपल्याकडे रोज दिसतात, पण फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला पट्टा, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट आणि ताशी चाळीसची मर्यादा असा नियम आहे.

आता खरी अडचण: बाळ सीटमध्ये बसतच नाही, रडतं. कारण ते पहिल्यांदा त्यात थेट कळंबोलीच्या ट्रॅफिकमध्ये बसलेलं असतं. निघायच्या पंधरा दिवस आधी सीट घरात आणा, हॉलमध्ये ठेवा, त्यात बसवून पेज भरवा. मग ठाण्यातल्याच उपवन तलावापर्यंत एक फेरी. आमच्याकडे आठव्या दिवशी ती आपणहून त्यात चढायला लागली. दर दोन तासांना थांबून तिला बाहेर काढायचं, पाठ मोकळी करायची. गोवा हायवेला पळस्पे ते माणगाव हा पट्टा किती वेळ खाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, म्हणून थांबा किलोमीटरवर ठरवू नका, घड्याळावर ठरवा.

पहाटे चारला निघायची आयडिया सगळ्यांना आवडते, बाळ झोपलेलं असतं म्हणून. पण चालवणारा एक वाजेपर्यंत बॅगा बांधत होता हेही लक्षात असू द्या. आणि आदल्या दिवशी लस टोचलेली असेल तर निघूच नका. पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो आणि मग तो कशेडीच्या बोगद्यात येतो.

‘उन्हाळा आहे, घोटभर पाणी पाज’

डब्यातली प्रत्येक आजी हे सांगते आणि प्रेमाने सांगते. सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी नको, कितीही उकडलं तरी. अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा, तेवढं पुरतं. मधाचं बोटही वर्ष होईपर्यंत नको; मधात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याचं पोट त्यांना रोखू शकत नाही. आजीला काय सांगायचं? मी सांगते, ‘डॉक्टर ओरडतात हो.’ त्यावर कुणी वाद घालत नाही.

पावडरचं दूध घरून कालवून नेणं ही नेहमीची चूक. कालवलेलं दूध दोन तासांत संपायला हवं, आणि बाटली एकदा तोंडाला लागली की तासाभरात, उरलेलं ओता. त्याऐवजी पावडर मोजून कोरड्या डबीत, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये. पाणी कडक असतानाच कालवायचं आणि मग बाटली गार पाण्याच्या पेल्यात धरून कोमट करायची. काढलेलं अंगावरचं दूध बाहेर चार तास टिकतं ते पंचवीस अंशांना. मे महिन्यातल्या ठाण्यात पंचवीस अंश एसीशिवाय कुठेच नसतात. बर्फाच्या पॅकसह चांगल्या थंड बॅगेत मात्र ते चोवीस तास राहतं.

शांत झोपावं म्हणून औषध देणं

याबाबत मी जरा कडक आहे. घाटात मळमळतं म्हणून मोठे जी गोळी घेतात तिच्यातलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नाही. श्वास मंदावू शकतो. सर्दीच्या सिरपने झोप येते म्हणून ते देणंही तितकंच धोक्याचं. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखाली देऊ नयेत असं लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलेलं आहे. तसंही इतक्या लहान बाळांना गाडी सहसा लागत नाही. उलटी झाली तर बहुतेक वेळा पोट गच्च भरून लगेच निघाल्यामुळे.

पॅरासिटामॉलमध्ये एक वेगळीच चूक होते. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० च्या आसपास. घरी सिरप, प्रवासात थेंब, आणि मात्रा जुनीच. की झाला चौपट डोस. निघण्याआधी आजच्या वजनावर डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्या आणि तो कागद बाटलीला रबर लावून ठेवा.

ओआरएसची पाकिटं दोन मापांची येतात, एक लिटरची आणि २०० मिलीची. मोठं पाकीट अर्ध्या बाटलीत कालवलं तर ते खारट होऊन उलट अपाय करतं. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांच्या नावात तो शब्द वापरायलाच एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली.

विमानाने जाताना

आधी विमानतळ कुठलं ते बघा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं सुरू झालंय, आणि ‘मुंबई’ वाचून सवयीने अंधेरीची वाट धरली तर बाळासकट ऐरोलीला वळावं लागेल. जन्मदाखला सोबत ठेवा. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल मांडीवर चालतं, पण परतीच्या आधी दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला सीट काढावी लागते. बाळाचं दूध, पाणी, पेज तपासणीतून नेता येतं. आधी काढून दाखवा. विमान उतरायला लागलं की पाजायला घ्या, म्हणजे घोटांबरोबर कान मोकळे होतात. उड्डाणाच्या वेळेपेक्षा उतरतानाच बाळं जास्त रडतात.

रडणं थांबतच नाही तेव्हा

भूक, डायपर, झोप, गरमी या क्रमाने बघा. गरमी मी मुद्दाम म्हणतेय: टोपरं, मोजे, दुपटं आणि वर आईची कूस, एवढ्यात मे महिन्यात मोठा माणूससुद्धा रडेल. मानेला मागून हात लावा. घाम असेल तर एक थर काढा. ‘वारं लागेल’ म्हणणाऱ्यांकडे हसून बघा.

तरीही थांबलं नाही तर मोजे काढून पायाची बोटं एकेक करून बघा. बाळंतपणानंतर आपले केस गळतात, एखादा केस मोज्यात अडकून बोटाला करकचून गुंडाळला जातो. आमच्या लेकीचं करंगळीशेजारचं बोट चिपळूणला असंच लालबुंद झालेलं सापडलं. केस निघाला, पाच मिनिटांत गप्प. निघत नसेल किंवा बोट काळं पडत असेल तर मात्र लगेच दवाखाना.

सहा तास डायपर कोरडा, टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप: यांपैकी काहीही दिसलं तर पुढचं स्टेशन आलं की उतरायचं. गाडीत १३९ ला फोन करा, रस्त्यावर १०८.

गावी पोहोचलात की अंगणातच दहा जण हात पुढे करतात. पहिला तास बाळाला स्वतःकडे ठेवा, आंघोळ घाला, झोपवा. माणसं थांबतात.

वेखंडाची पुरचुंडी अजून आमच्या झोळीत असते. चार वर्षांत एकदाही उघडलेली नाही, पण निघताना सासूबाई फोनवर विचारतात आणि मला खोटं न बोलता सांगता येतं, ‘हो आई, घेतलंय.’