फ्लूच्या तापात आधी बाटलीवरचा आकडा वाचा

पावसाळ्यात मुलाला फ्लू झाला की घरात पहिला प्रश्न येतो, 'किती चमचे देऊ?' चमच्याचा हिशेब सोडून द्या. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, दिवसभरात जास्तीत जास्त ४ डोस. घोळ होतो तो बाटलीत. एका सिरपच्या ५ मिलित १२० मिलिग्रॅम औषध असतं, तसल्याच दिसणाऱ्या दुसऱ्यात २५०. बारा किलोच्या मुलाला पहिलं ५ मिलि बरोबर, दुसरं ५ मिलि जास्तच. थेंबांचं औषध तर याहून कडक, त्यामुळे लेबल वाचा आणि सोबतच्या मापानंच द्या.

ॲस्पिरिन मुलांना अजिबात नको. फ्लूमध्ये त्यानं यकृताला आणि मेंदूला घातक असा राय सिंड्रोम होऊ शकतो.

ताप १०१ असूनही मूल खेळत असेल तर औषधाची घाई नको. अंगावर पातळ सुती कपडे, आणि उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, घोटघोट. गार पाण्यानं पुसू नका, मूल कुडकुडतं.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर थेट डॉक्टर. श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जात असतील, मूल सुस्त पडलं असेल, सहा-आठ तास लघवी नसेल, तर रात्र असली तरी १०८ लावा, बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्या. सकाळची वाट बघू नका.