नव्या गाडीच्या रंगावर चरे पडू नयेत म्हणून, आणि पडलेच तर

गाडी घरी येऊन महिना होत नाही तोच एखाद्या रात्री पार्किंगच्या दिव्याखाली बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात. गाडी कुठे घासलेली नसते, कुणी किल्लीने ओरखडलेलीही नसते. या रेघा रोजच्या पुसण्यातून आलेल्या असतात.

रंगाची जाडी लक्षात घेतली की हे असं का होतं ते कळतं. प्रायमरपासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात, म्हणजे झेरॉक्सच्या कागदापेक्षा थोडे जास्त. त्यातला सगळ्यात वरचा बिनरंगी थर, क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. चमक त्याच्यामुळे असते आणि खालच्या रंगाचं उन्हापासून रक्षणही तोच करतो. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते स्वयंपाकघरातल्या सुरीच्या पोलादापेक्षाही कठीण असतात. कोरड्या गाडीवर फडकं फिरवलं की ते कण फडक्याखाली घासत जातात. हात गोल फिरला तर रेघाही गोल उमटतात.

पॉलिश करून चरा भरून येत नाही. पॉलिशने चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत झिजून सपाट होतो, त्यामुळे कडांवर प्रकाश फुटत नाही आणि रेघ दिसेनाशी होते. प्रत्येक वेळी साधारण १ ते ३ मायक्रॉन जातात आणि गेलेला थर परत येत नाही. दर दिवाळीला गाडीला रबिंग मारून घेणं म्हणूनच चुकीचं आहे.

काळजी ताबा घेण्याच्या दिवसापासूनच घ्यावी. शोरूमच्या घाईच्या धुलाईत, त्याच त्या स्पंजने, नव्या गाडीवर बरेच चरे पडतात. बुकिंग करतानाच लेखी सांगा की गाडी फक्त पाण्याने धुवा, पॉलिश करू नका. ताबा घेताना गाडी उन्हात उभी करून बघा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बॉनेट, छत आणि दारं तपासा. पूजेचा हार तारेत ओवलेला नको, दोऱ्याचाच घ्या. तार बॉनेटवर सरकली की खोल रेघ ओढते. स्वस्तिक काढण्याआधी ती जागा ओल्या स्वच्छ फडक्याने टिपून घ्या, आणि वाळलेलं हळदकुंकू कोरडं न घासता भरपूर पाणी ओतून काढा.

मोठा प्रश्न रोजच्या पुसण्याचा. सोसायटीत सकाळी गाड्या पुसणाऱ्यांकडे एक बादली आणि एक फडकं असतं, आणि त्यातच दहापंधरा गाड्या उरकायच्या असतात. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीच्या तळाशी चिखल साचतो. त्यांचा यात दोष नाही, त्यांना सामानच तेवढं मिळतं. त्यांना सरळ सांगा की रोज फक्त काचा आणि आतले मॅट करा, रंगाला हात लावू नका. धूळ बसलेली दिसली तरी चालेल. नुसत्या बसलेल्या धुळीने चरा पडत नाही, ती घासली की पडतो. म्हणूनच पिसांचा किंवा मेण लावलेला झाडण्याचा ब्रश धुळीच्या गाडीवर वापरू नये. धुळीच्या गाडीवर कव्हरही घालू नये, कारण वाऱ्याने हलणारं कव्हर दिवसभर तेच काम करत राहतं.

आठवड्यातून एकदा नीट धुवा. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरकावं. आधी नुसत्या पाण्याने वरून खाली धूळ वाहवून लावा. प्रेशर पंप असेल तर नोझल पत्र्यापासून किमान एक फूट लांब धरा. मग दोन बादल्या घ्या: एकीत १० लिटर पाणी आणि बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. भांड्यांचा साबण नको, तो रंगावर लावलेलं संरक्षक वॅक्स काढून टाकतो. मायक्रोफायबरचा मिट (हातात घालायचा धुण्याचा मोजा) शॅम्पूत बुडवून छतापासून सुरुवात करा, हात सरळ रेषेत आणि हलका ठेवा. प्रत्येक पॅनेल झालं की मिट साध्या पाण्यात पिळून मगच परत शॅम्पूत बुडवा. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी किती बारीक खडी जमते ते एकदा हाताने चाचपून पाहा. एकच बादली असती तर ती सगळी परत गाडीवर गेली असती. दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, वेगळ्या फडक्याने. चाकांचं फडकं रंगाला कधीच लावायचं नाही, त्याला ब्रेकचा लोखंडी भुसा चिकटलेला असतो.

वाळवताना घासू नका. जाड मायक्रोफायबरचा टॉवेल पसरून दाबा आणि उचला. बोअरचं पाणी असेल तर हे लगेच करा, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात आणि ते काढण्यासाठी पुन्हा घासावं लागतं. टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता बाद. ही फडकी घरच्या कपड्यांपासून वेगळी धुवा आणि फॅब्रिक कंडिशनर घालू नका. त्याने धागे माखतात आणि धूळ धरून ठेवत नाहीत. टँकरच्या दिवसांत बिनधुण्याचा वॉश, म्हणजे गाडीवर पाणी न ओतता फवारून पुसायचं द्रव, चालतो, पण त्याला आठदहा स्वच्छ फडकी लागतात. फडक्याच्या चार घड्या घाला आणि प्रत्येक पॅनेलला नवी बाजू वापरा. पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या गाडीवर मात्र हा प्रकार करू नका, तिला धो धो पाणीच हवं.

आता पडलेले चरे. आधी जागा स्वच्छ धुवा आणि नख आडवं फिरवून बघा. नख अडकलं तर चरा खोल आहे. नख अडकत नसेल आणि पाणी मारल्यावर रेघ दिसेनाशी होत असेल तर ती क्लिअर कोटमध्येच आहे, घरी निघू शकते. पुष्कळदा तो चराच नसतो, दुसऱ्या गाडीचा किंवा खांबाचा रंग वर चिकटलेला असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तेवढंच पाणी मिसळून, मऊ फडक्याने हलक्या हाताने बराच उतरतो.

हाताने काढायचे तर फोमचा पॅड आणि बारीक दर्जाचं फिनिशिंग पॉलिश घ्या. थेट रबिंग कंपाउंड, म्हणजे जास्त झिजवणारं पॉलिश, घेऊ नका. आधी सौम्य वापरून बघा, त्याने झालं नाही तरच एक पायरी वर जा. पॉलिशच्या आधी हाताला पृष्ठभाग खरबरीत लागला तर भरपूर लुब्रिकंट (घसरण देणारं द्रव) मारून क्ले बार, म्हणजे चिकटलेला मळ ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी, फिरवा. तो खाली पडला तर टाकून द्या, धुऊन वापरायचा मोह नको. एका वेळी एक फूट बाय एक फूट एवढीच जागा घ्या. पॅडवर वाटाण्याएवढे तीनचार थेंब घेऊन आठदहा वेळा उभं आणि तितकंच आडवं घासा. पॉलिश सुकायच्या आत पुसा. मग त्या जागेवर अल्कोहोल आणि पाण्याचा फवारा मारून पुसून बघा. ही पायरी बहुतेकजण गाळतात. पॉलिशमधलं तेल चऱ्यात बसून तो लपवतं आणि दोन धुण्यांनंतर चरा परत दिसतो. फवाऱ्यानंतर दिसतं तेच खरं. खोबरेल चोपडल्यावर चरा जातो तोही असाच. टूथपेस्टमधली पूड गाडीच्या रंगासाठी केलेली नसते, तिने जुना चरा पुसट होऊन नवे बारीक चरे पडतात.

काम मोठं असेल तर ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशिंग मशीन घ्या, त्याचा पॅड फिरता फिरता डोलतोही. एकाच जागी गोल फिरणारं रोटरी नवख्याच्या हाती देऊ नये, ते क्षणात क्लिअर कोट जाळतं. पत्र्याच्या कडा आणि दुमडलेल्या रेषांवर थर सगळ्यात पातळ असतो, तिथे आधी मास्किंग टेप लावा. प्लास्टिकचा बंपर उष्णता पसरवत नाही, त्यामुळे तिथे मशीन एका जागी थांबवू नका. फडक्यावर गाडीचाच रंग आला तर थांबा. एकतर त्या रंगावर वेगळा क्लिअर कोट नाही (काही सॉलिड, म्हणजे धातूची चमक नसलेल्या, रंगांत नसतो), किंवा तो संपला आहे.

नख अडकणाऱ्या चऱ्याला टच-अप रंग लागतो; रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. पत्रा उघडा दिसत असेल तर पावसाळ्याच्या आधीच लावा, विशेषतः किनाऱ्यालगत राहत असाल तर, कारण तिथे गंज लवकर धरतो.

पॉलिश झालेल्या जागेवर वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच कृत्रिम संरक्षक लेप) लावा. कारखान्याचा रंग भट्टीत पक्का झालेला असतो, नव्या गाडीला पहिल्या दिवशीही लावता येतं. गॅरेजमध्ये नव्याने रंगवलेल्या पॅनेलला मात्र महिनाभर थांबा, त्यातलं सॉल्व्हंट अजून उडत असतं. सिरॅमिक कोटिंगने, म्हणजे रंगावर लावून कडक होणाऱ्या पातळ लेपाने, पाणी आणि मळ टिकत नाही, पण कोरड्या फडक्याचा चरा ते थांबवत नाही. विकताना काहीही सांगोत. चऱ्याला खरोखर आडवी येते ती साधारण १५० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक फिल्म, म्हणजे पीपीएफ. पूर्ण गाडीला ती फार महाग पडते. दारांच्या हँडलमागची वाटी, जिथे अंगठ्या, बांगड्या आणि नखं रोज घासतात, दारांच्या कडा आणि डिकीचा उंबरा, एवढ्याच जागांना लावून घेतली तरी पुरे.