घराबाहेरच्या दिव्याला किती वॅटचा बल्ब? या चुका टाळा

बाहेरचा दिवा मिणमिणता वाटला की बहुतेक जण जास्त वॅटचा बल्ब आणून लावतात. गडबड इथूनच सुरू होते. वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो ते. उजेड किती पडेल हे ल्युमेनवरून कळतं. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ८०० ल्युमेन उजेड द्यायचा. तेवढाच उजेड आज ८ ते १० वॅटचा एलईडी देतो. दाराशी तेवढा भरपूर होतो. त्याहून प्रखर बल्ब लावला तर डोळे दिपतात आणि सावलीतली पायरी उलट दिसेनाशी होते.

होल्डरजवळ ‘कमाल ६० वॅट’ अशी पट्टी असते, ती कुणी वाचतच नाही. ही मर्यादा उष्णतेची आहे. त्यापुढचा फिलामेंटचा बल्ब लावला तर होल्डर तडकतो, वायरचं आवरण करपतं, आग लागण्याचीही भीती असते. एलईडीच्या खोक्यावर ‘६० वॅटच्या तोडीचा’ असं लिहिलेलं असलं, तरी पट्टीशी ताडून पाहायचे ते त्याचे खरे ९ वॅट.

पण एलईडी कमी तापतो म्हणून कुठेही चालेल, असं नाही. चहूबाजूंनी बंद काचेत त्याची उष्णता कोंडते आणि मानेत बसवलेलं सर्किट हळूहळू निकामी होतं. बल्ब वर्षभरही टिकत नसेल तर कंपनीला दोष देण्याआधी एमसीबी (वीज तोडणारा बोर्डावरचा खटका) पाडा, बल्ब थंड होऊ द्या आणि काढून नीट बघा. मानेजवळचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर उष्णता नडली आहे; कमी वॅटचा आणि बंद दिव्यात चालेल असं खोक्यावर लिहिलेला बल्ब घ्या. होल्डरच्या पितळी भागावर हिरवट थर दिसला तर आत पाणी शिरतंय. तिथे नवा बल्ब लावून उपयोग नाही, आधी रबरी गॅस्केट बदला. पाऊस थेट अंगावर घेणारा दिवा आयपी ६५चा (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाऊ देणारा) असावा.

बटण बंद करूनही एलईडी मंद उजळत राहिला, तर बटणातला इंडिकेटरचा बारीक दिवा किंवा फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) बसवलेलं बटण हे नेहमीचं कारण. बटण न्यूट्रलवर असेल तर वायरमनला लगेच बोलवा: बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते, आणि बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसू शकतो.