व्हिज्युअल्स घरी चालतात आणि स्टेजवर अडकतात? या चुका टाळा

गाण्याच्या शोला मागच्या स्क्रीनवर लाईव्ह चालवतात ती व्हिडिओ, म्हणजे व्हिज्युअल्स, लॅपटॉपवर घरी लोण्यासारखी चालतात. गिगला म्हणजे शोला पोचलं, केबल लावली, की नेमकी तेव्हाच स्क्रीन काळी पडते नाहीतर क्लिप अडखळायला लागते. मग पहिला संशय लॅपटॉपवर, ग्राफिक कार्ड कमी पडतंय, नवीन घ्यायला पाहिजे वगैरे. मी पण एकदा ईएमआयचा हिशोब मांडून बसलो होतो. लॅपटॉप चांगला होता, घोळ मी त्यात कोंबलेल्या फाईलींचा होता.

झालं असं की कॉलेज फेस्टला नेटवरून उतरवलेल्या आणि मोबाईलवर शूट केलेल्या एमपी४ क्लिपा मी आहेत तशा व्हिज्युअल्सच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या, चार लेयर म्हणजे चार व्हिडिओ एकावर एक, त्यातली एक उलटी चालवायला घेतली आणि सगळं गोठलं. खालून पोरं ओरडतायत, ए बंद पडलं रे! आता त्या एमपी४मध्ये बहुतेक वेळा एच.२६४ हा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत असते, आणि फाईल छोटी राहावी म्हणून ते प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, मधूनमधून एक पूर्ण फ्रेम आणि बाकी फक्त काय बदललं तेवढंच. सरळ बसून पिक्चर बघायला एकदम भारी. पण उलटं चालवायचं किंवा बीटवर इकडून तिकडे उडी मारायची म्हटलं की मागची पूर्ण फ्रेम शोधा, तिथून एकेक उलगडत या, मग हवी ती फ्रेम हाताला लागणार. हे चार लेयरना एकाच वेळी, म्हणजे प्रोसेसरचा जीव जाणारच ना.

डीएक्सव्ही किंवा हॅप या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, आणि ग्राफिक कार्डला थेट कळेल अशा रूपात. रेझोल्यूम या व्हिज्युअल्सच्या सॉफ्टवेअरवाल्यांचं ॲली नावाचं फुकट कन्व्हर्टर आहे, आदल्या रात्री सगळ्या क्लिपा त्यातून काढा आणि झोपा. फक्त फाईली फुगतात. साध्या हॅपमध्ये पिक्सेलमागे अर्धा बाइट धरा, म्हणजे १९२० बाय १०८०ची एक फ्रेम साधारण १ एमबी, ३० फ्रेमचे सेकंदाला ३० एमबी, चार लेयर म्हणजे १२०. वरून थोडं आणखी दाबलं जातं पण हिशोब एवढाच करून ठेवा. त्यामुळे शो पेनड्राईव्हवरून चालवायचा नाही, एसएसडीवर कॉपी करा. (हो, पेनड्राईव्हचा तो प्रतापही मी केलाय.)

दुसरा रोग म्हणजे ४के. एलईडी वॉल आहे म्हटलं की लोकं सगळं ४केमध्ये रेंडर करून आणतात. अरे पण त्या वॉलला पिक्सेल किती आहेत विचारलं का? भाड्याने मिळणाऱ्या वॉलमध्ये पी ३.९ पॅनल बरेचदा असतं, म्हणजे दोन पिक्सेलमध्ये ३.९ मिलिमीटर अंतर, आणि ५०० बाय ५०० मिलिमीटरच्या एका पॅनलमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल. आता ४ मीटर रुंद २ मीटर उंच वॉल घ्या, आठ पॅनल आडवी, चार उभी, झाले १०२४ बाय ५१२. बास. तुमच्या फुल एचडीतले (१९२० बाय १०८०) पण तीन चतुर्थांश पिक्सेल वाया. वॉलवाल्याला फोन करून पॅनल किती आडवी किती उभी आणि पीच (पिक्सेलमधलं अंतर) काय एवढं विचारा, सॉफ्टवेअरमधली कम्पोझिशन म्हणजे आउटपुटची चौकट त्याच साईजची करा, त्याच लॅपटॉपवर दुप्पट लेयर चालतील. बारीक अक्षरं आणि नाजूक रेषा तिथे दिसतच नाहीत, ते रात्र-रात्र जागून करू नका.

टचडिझायनर या व्हिज्युअल्स बनवायच्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी एक: फुकटच्या नॉन कमर्शियल व्हर्जनला १२८० बाय १२८०ची मर्यादा आहे. वरच्या हिशोबाची वॉल त्यात बसते, पण पैसे घेऊन शो करताय तर ते लायसन्स चालत नाही, नावातच आहे ते.

आता सिंक, म्हणजे गाणं आणि व्हिज्युअल एका तालात. एबलटन या म्युझिक सॉफ्टवेअरवर वाजवणारा मित्र आणि तुम्ही दोघं त्याचं लिंक (मशीनचा टेम्पो जुळवणारं फीचर) वापरताय तर दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर पाहिजेत. हॉलच्या वायफायवर भरवसा ठेवायचा नाही, बऱ्याच ठिकाणी त्यावरची डिव्हाइसेस एकमेकांना दिसतच नाहीत, आपला छोटा राऊटर न्या, इंटरनेट नसलं तरी चालतं. आणि लॅपटॉपच्या माईकवर ऑडिओ रिॲक्टिव्ह, म्हणजे आवाजावर हलणारी व्हिज्युअल, करू नका हो! एक तर पब्लिकचा आरडाओरडा त्यात येतो, वर आवाजाला हवेतून दर मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे स्पीकरपासून १५ मीटर मागे बसलात तर व्हिज्युअल आधीच ४४ मिलिसेकंद मागे. साऊंडवाल्या दादाला गोडीत सांगून मिक्सरमधून आवाजाची एक लाईन (केबल) घ्या. त्या लाईनीत घूं आवाज आला तर चार्जर काढून बघा, थांबला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून घुसणारा आवाज, डीआय बॉक्स (लाईनीत मधे लावायची छोटी डबी) लावा. अर्थिंगची पिन मोडून टाकायचा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा, मंडपात जनरेटरवर तर बिलकुल नको.

मिडी कंट्रोलर (बटणं-नॉबवाला यूएसबी पॅड) एका सॉफ्टवेअरला दिसतो दुसऱ्याला नाही, ही तक्रार विंडोजवर ठरलेली, कारण बऱ्याच ड्रायव्हरमध्ये पोर्ट एका वेळी एकच सॉफ्टवेअर धरतं. एबलटनमध्ये तो इनपुट बंद करा, मग व्हिज्युअलवाल्यात उघडा.

केबलचं थोडक्यात. साधी एचडीएमआय १०-१५ मीटरच्या पुढे कधी दगा देईल सांगता येत नाही, लांब असेल तर एसडीआय नाहीतर एचडीबेसटी (लांब अंतरावर व्हिडिओ नेणाऱ्या केबल-सिस्टीम) मागा. डिस्प्ले एक्स्टेंडवर ठेवा, डुप्लिकेटवर नाही, आणि नोटिफिकेशन बंद. आमच्या एकाच्या वीस फुटी स्क्रीनवर ऐन ड्रॉपला, म्हणजे गाण्यात बीट दणक्यात पडते तेव्हा, आईचा मेसेज आला होता, जेवलास का. टाळ्या मात्र त्यालाच सगळ्यात जास्त पडल्या.

स्ट्रोबबद्दल, म्हणजे भराभर लुकलुकणाऱ्या फ्लॅशबद्दल, मात्र थट्टा नाही. १९९७ मध्ये जपानात टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या फ्लॅशमुळे सहाशेहून जास्त लोकांना हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. वेबसाठीचा ॲक्सेसिबिलिटीचा नियम सेकंदाला ३ फ्लॅशच्या पुढे जाऊ नका सांगतो, मी पूर्ण स्क्रीनवर तेच पाळतो, विशेषतः लाल रंगात.

आणि एक दहा मिनिटांचा लूप पेनड्राईव्हवर टाकून वॉलवाल्याकडे आधीच देऊन ठेवा, त्याच्या प्लेअरवर चालतो का तेही तिथंच बघून घ्या. तुमचं मशीन बसलं तर तो इनपुट बदलतो, पब्लिकला काही कळत नाही, आणि तेवढ्यात तुमचा लॅपटॉप रीस्टार्ट होऊन येतो.