मोटारसायकल रेसिंगची सुरुवात कशी करावी

ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात दर रविवारी गाडी झोपवणाऱ्या प्रत्येकाला आपण रेसर होऊ शकतो असे एकदा तरी वाटते. यात गैर काही नाही. मात्र सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार गुन्हा आहे. शिवाय घाटात ही विद्या शिकताही येत नाही, कारण समोरून एसटी येण्याची शक्यता गृहीत धरून चालवणारा माणूस एकच वळण एकाच वेगाने वीस वेळा घेऊन पाहू शकत नाही. सर्किटवर, म्हणजे शर्यतीसाठी बांधलेल्या बंदिस्त रस्त्यावर, नेमके तेवढेच करायचे असते.

राष्ट्रीय पातळीवरच्या डांबरी शर्यतींचे केंद्र अनेक दशके दक्षिणेत राहिले आहे. पूर्वी चेन्नईजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर शर्यती होत असत. 1990 मध्ये श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक सुरू झाला. त्याची लांबी 3.7 किलोमीटर असून त्यात बारा वळणे आहेत. दुसरे ठिकाण म्हणजे कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे. तो लांबीने साधारण 2.1 किलोमीटरचा, अरुंद आणि दमवणारा आहे. ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट 5.125 किलोमीटरचे असून 2023 मध्ये तेथे मोटोजीपी ही जागतिक अजिंक्यपदाची मोटारसायकल शर्यत झाली. पण नवशिक्याने तेथून सुरुवात करू नये, कारण एवढ्या लांब सरळ पट्ट्या लहान गाडीला पुरून उरतात. थोडक्यात, पुण्या-कोल्हापूरच्या मुलाला बंगळूर महामार्ग धरावा लागतो आणि प्रवासखर्च हा या छंदाच्या अंदाजपत्रकातील मोठा आकडा असतो, हे घरी आधीच सांगून ठेवलेले बरे.

पैसे कोठे घालावेत याविषयी माझे मत ठाम आहे: आधी अंगावर, मग शिकण्यावर आणि सर्वांत शेवटी गाडीवर. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात. कर्ज काढून 600 किंवा 1000 सीसीची गाडी घेतात, जुन्या हेल्मेटवर भागवतात आणि दुसऱ्याच ट्रॅक डेला, म्हणजे पैसे भरून सर्किटवर गाडी चालवण्याच्या दिवशी, ती वाळूत लोळवून हिशेब बंद करतात.

हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारे, ईसीई किंवा स्नेल या सुरक्षा मानकाचे आणि दुहेरी डी रिंगच्या, म्हणजे दोन कड्यांतून ओवून आवळायच्या, पट्ट्याचे घ्यावे. टिचकीसरशी उघडणारे बकल शर्यतीत चालत नाही. दुकानात ते घालून पंधरा मिनिटे तसेच बसावे. गाल दाबले गेले पाहिजेत, पण कपाळावर एकाच जागी लाल वण उठता कामा नये. एकदा जोराचा आपटा बसलेले हेल्मेट वरून कितीही धड दिसले तरी टाकून द्यावे, कारण धक्का शोषणारा आतला थर एकदाच दाबला जातो आणि पुन्हा फुगत नाही.

लेदर सूट वन-पीस असावा. तो घालून आरशासमोर ताठ उभे राहता येत नसेल, पाठीत वाकल्यासारखे वाटत असेल, तर तो बहुधा बरोबर मापाचा आहे; त्याची शिवणच गाडीवर बसलेल्या माणसासाठी केलेली असते. त्याच्या आत पाठीचा आणि छातीचा संरक्षक, हातात मनगट झाकणारे लांब हातमोजे आणि पायात घोट्याच्या वर जाणारे रेसिंग बूट हवेत. हातमोज्यांत काटकसर करू नये, कारण पडताना हात आपोआप पुढे जातो.

गाडी 150 ते 165 सीसीची पुरे. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतही 165 सीसीचे गट असतात आणि तेथे वेगाला तोटा नसतो. जुनी यामाहा आर-15 किंवा टीव्हीएस अपाचे, सरळ चासीची आणि अपघात न झालेली, एवढे पाहावे. मोठ्या गाडीवर वळणात केलेली चूक पुढच्या सरळ पट्टीवर गॅस देऊन झाकता येते. लहान गाडीवर तशी सोय नसते. वळणात गमावलेला वेग पुढच्या वळणापर्यंत परत मिळत नाही आणि लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीच्या, वेळेत ती चूक लगेच दिसते. याच कारणाने लहान गाडीवर घडलेला रायडर पुढे मोठ्या गाडीवर चटकन रुळतो, पण उलट्या दिशेने तसे सहसा घडत नाही.

ट्रॅकवर नेण्यापूर्वी आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट आणि स्टँड काढावेत व काढता न येणाऱ्या काचांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे पडल्यावर तुकडे विखुरत नाहीत. कूलंट काढून रेडिएटरमध्ये साधे पाणी भरावे, कारण कूलंटमधील ग्लायकॉल डांबरावर सांडले की तेलासारखे निसरडे होते. सर्वांत किचकट काम लॉकवायरचे, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून तो तारेने बांधण्याचे. ऑइलच्या ड्रेन बोल्टच्या डोक्यातून बारीक भोक पाडून त्यात स्टीलची तार ओवायची, तिला पीळ द्यायचा आणि बोल्ट ज्या दिशेने आवळला जातो त्याच दिशेला ती ताणून जवळच्या पक्क्या जागी बांधायची. तार उलट्या बाजूने ओढली तर दिसायला तीच दिसते, पण बोल्ट सैल होताना त्याला अडवत नाही. मी पहिल्यांदा अगदी हीच चूक केली होती. तपासणीला बसलेल्या काकांनी बोटाने तार टिचकावली, काही न बोलता गाडी रांगेबाहेर काढली आणि सकाळचे पूर्ण सत्र माझ्या हातचे गेले. त्या वेळी राग आला, पण त्या बोल्टमधून गळणारे तेल माझ्या नव्हे, मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जाणार होते.

हवेचा दाब मोजण्याचा गेज स्वतःचा असावा. पंपावरच्या गेजवर विसंबू नये. दाब सकाळी थंड टायरवर आणि सत्र संपवून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबण्याच्या जागेत, शिरताच गरम टायरवर, असा दोनदा मोजून वहीत लिहावा. चेन्नईच्या दुपारी दोहोंतला फरक पाहून नवखा माणूस चकित होतो.

यानंतर शाळा. चेन्नई आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर रेसिंग शाळांचे वर्ग भरतात, अनेक ठिकाणी गाडीही शाळेचीच मिळते, आणि अशा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हाती असले की स्पर्धेच्या परवान्याचे काम सोपे होते. तेथे पहिला दिवस बहुधा नजरेवरच जातो. आपण जेथे पाहतो तेथे गाडी जाते, म्हणून ब्रेक लावायच्या खुणेवर पोहोचण्याआधीच नजर वळणाच्या आतल्या टोकाकडे गेली पाहिजे आणि त्या टोकाला पोहोचण्याआधी बाहेर पडण्याच्या जागेकडे. वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात भीती वाटली की डोळे पुढच्या चाकासमोरच्या दोन मीटरवर खिळतात.

दुसरा धडा गॅसचा. वळणात मागचे चाक घसरू लागले की घाबरून गॅस एकदम सोडावासा वाटतो, आणि तोच घात करतो. तिरप्या अवस्थेत घसरणाऱ्या टायरला अचानक पकड मिळते, दाबली गेलेली सस्पेन्शन उसळते आणि गाडी चालकाला वरून पलीकडे भिरकावते. याला हायसाइड म्हणतात. लोसाइडमध्ये गाडी नुसती खालून निसटते, चालक तिच्या मागे घसरत जातो आणि बहुतेक वेळा सूट झटकून उभा राहतो. म्हणून गॅस देणे आणि सोडणे या दोन्ही गोष्टी हळुवार असल्या पाहिजेत.

स्पर्धेत उतरण्यासाठी भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाचा, म्हणजे एफएमएससीआयचा, परवाना लागतो. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते आणि अर्जदार अल्पवयीन असल्यास पालकांची संमतीही. याच वेळी आपल्या विम्याची कागदपत्रे काढून बारीक अक्षरे वाचावीत: गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, आणि अनेक व्यक्तिगत अपघात पॉलिसींतही धोकादायक खेळांना संरक्षण नसते. झेंडे तोंडपाठ हवेत. पिवळा झेंडा दिसला की पुढे अपघात आहे, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबले, हळू पिटमध्ये परत. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे डांबर निसरडे. काळ्यावर नारिंगी गोल आणि आपला नंबर म्हणजे आपल्याच गाडीत बिघाड आहे, ताबडतोब बाहेर.

पहिल्या शर्यतीसाठी वन-मेक स्पर्धा हा स्वस्त मार्ग आहे. टीव्हीएसची वन-मेक स्पर्धा, रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप अशा मालिकांत सर्वांना एकसारखी गाडी आयोजकच देतात. आपण निवडफेरीत उतरायचे, जागा मिळाली तर प्रवेशशुल्क भरायचे आणि सूट-हेल्मेट घेऊन रेल्वेत बसायचे. स्वतःची गाडी रेल्वे पार्सलने न्यायची असेल तर टाकीतील पेट्रोल पूर्ण काढावे लागते, नाहीतर बुकिंगच होत नाही. उतरल्यावर पेट्रोल कोठून भरणार हे आधी ठरवून ठेवावे. टेम्पो करून तिघांनी मिळून गाड्या नेणे अनेकदा परवडते, आणि वाटेत हुबळीला जेवण होते ते वेगळे.

शर्यतीच्या दिवशी पहाटे पोटभर पण हलके खावे आणि पाण्यात ओआरएस घालून ठेवावे. लेदरच्या आत तासाभरात अंग निथळते. वॉर्म-अप लॅपमध्ये टायर तापवायचे असतात, पराक्रम दाखवायचा नसतो. ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटण्याच्या रांगांत, आपली जागा मागे असणार हे गृहीत धरावे. शर्यत सुटण्याचा इशारा देणारे दिवे विझले की पुढचे सगळे पहिल्या वळणात एकदम कोंबले जातात आणि नवख्यांच्या गाड्या सर्वांत जास्त तेथेच पडतात, म्हणून तेवढे एक वळण दोन जागा सोडून, बाहेरच्या अंगाने पार करावे. गेलेल्या जागा तिसऱ्या-चौथ्या लॅपपासून परत मिळतात, कारण तोवर पुढच्यांचे हात दुखू लागलेले असतात.

परत आल्यावर गाडी धुण्याआधी वही काढावी आणि प्रत्येक लॅपची वेळ, टायरचा दाब आणि कोणत्या वळणात कोणता गिअर होता ते लिहून ठेवावे. संध्याकाळच्या गप्पांत यातले निम्मे विसरले जाते.